गळ्याचा रकाना

आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी धड जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथी झाली आणि शाळा सुटली. घरात आमची बोली निराळी आहे, इथे मी शाळेच्या पुस्तकातल्यासारखं लिहायचा प्रयत्न करते आहे. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी कोणीतरी मागे उभं राहून वाचतंय असं वाटत राहतं.

दोन ओळी झाल्या की उठते. चुलीवरचं दूध बघून येते, मागच्या दाराची कडी बघून येते, परत बसते. ही गोष्ट आठवली की माझं असंच होतं, पाय चालायला लागतात. गोष्ट सहाशे शहाऐंशी रुपयांची आहे. ते मी कोणाकडून उसने घेतले नव्हते. एका कागदावर मी चुकीचे आकडे लिहिले आणि ते अंगावर आले. ते फेडल्याशिवाय मंडळाच्या खोलीत मला मान वर करून बसता येणार नव्हतं.

मंडळ म्हणजे आम्ही नऊ बायका. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. चर्चच्या मागे एक कौलारू खोली होती, तिथे स्वेटर विणायची चार मशीनं होती. लांब पट्टी, तिच्यात दोनशेच्या आसपास सुया, आणि वरून हाताने ओढायची गाडी. गाडी एकदा डावीकडून उजवीकडे गेली की एक ओळ. दिवसभर खर्र, खर्र. आमच्या वसईत थंडी म्हणजे पौषातले पंधरा दिवस, तेवढ्यातही चादरीवर भागतं. स्वेटर घाटावरच्या शाळांसाठी जायचे. ते विणायचे मात्र एप्रिल-मे महिन्यात. घामाने लोकर मनगटाला चिकटायची, मानेवर तंतू बसून खाज सुटायची. मंडळात कोणीच आयुष्यात स्वेटर घातला नव्हता.

ऑर्डर मुंबईचे एक मालक द्यायचे. लोकर त्यांची, मजुरी आमची. मजुरीतले थोडे पैसे दर महिन्याला एका पत्र्याच्या पेटीत टाकायचे, त्यातून पाचवं मशीन घ्यायचं ठरलं होतं. ते राजोडीच्या एका विधवा बाईला कबूल केलं होतं. ती दर सोमवारी चालत यायची, दाराशी उभी राहायची आणि विचारायची, "पेटी भरली का गो?" मग कोपऱ्यात बसून आमच्या तुकड्यांना शिवण मारायची. शिवणीचे पैसे अगदीच थोडे. मशीनवर बसली असती तर तिप्पट मिळाले असते.

मापांचा कागद बाईंकडे असायचा. बाई म्हणजे आमच्या गावच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. मला चौथीला त्याच होत्या. त्यांचा भाऊ मुंबईत एका कंपनीत हिशेबनीस होता, तो मोठे आखीव कागद आणून द्यायचा. एक उघडला की टेबल झाकून जाई. उभे चौदा रकाने, आडव्या ओळी मोजाव्या तेवढ्या. डावीकडे खाली खाली मापं लिहायची, बावीस, चोवीस, सव्वीस, अशी चौतीसपर्यंत. तो छातीचा घेर. वरती आडवं लिहायचं उंची, खांदा, बाही, बगलेजवळचा मुंढा, गळा. प्रत्येक घरात एक आकडा, इतके टाके किंवा इतक्या ओळी. आम्ही बायकांनी आपल्या मापाची ओळ बघायची आणि गाडी ओढायची.

बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एक दिवस त्यांनी पाचाच्या जागी आठ वाचला आणि कागद गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवला.

"तू घे," म्हणाल्या.

"बाई, माझं गणित चौथीपर्यंतचं."

"ते मीच शिकवलंय, मला नको सांगूस. ह्यात बेरीज, वजाबाकी, भागाकार, एवढंच आहे. तुझा एक टाका कधी चुकत नाही, हे मी दोन वर्षं बघतेय. अडलं तर विचारायला ये. अडल्यावर ये. चुकल्यावर नको."

माझी थोरली जाऊ पलीकडच्या मशीनवर होती. मंडळाची वही आणि पेटी तिच्याकडे असायची. गाडी न थांबवता म्हणाली, "झालं. आता आमच्या घरी भाकऱ्यासुद्धा इंचपट्टी लावून थापल्या जातील." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझे कान तापले होते.

बाईंनी मला आठ दिवस शिकवलं. आधी चाळीस टाके, साठ ओळींचा तुकडा विणायचा. तो धुवायचा, सावलीत वाळवायचा, मग मोजायचा. आमच्या लोकरीचे इंचाला सात टाके आणि दहा ओळी यायच्या. म्हणजे पाठ पंधरा इंच हवी तर एकशे पाच टाके. एक माप वाढलं की पाठ एक इंचाने वाढते, म्हणजे सात टाके. मला हे इतकं आवडलं की मी चालताना मोजायला लागले. विहिरीपर्यंत पावलं किती, सुपारीच्या झाडावर वळी किती, सासूबाईंच्या पाठीला टाके किती लागतील. भात लावून बसले तरी डोक्यात गाडी चालूच. नवरा म्हणायचा, "तुला विचारलं काय आणि तू सांगतेस काय."

तोवरचे सगळे स्वेटर पुढून उघडे, बटणांचे असायचे. मग मालकांनी नवा नमुना आणला. गोल गळ्याचा, बंद, डोक्यातून घालायचा. तीनशे नग, सात मापं. अठ्ठाविसाचा नमुना त्यांच्या हातात होता, त्यावरून बाकीची मापं काढायची होती. बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्या घरीच असायच्या. तक्ता पूर्ण माझ्यावर.

मी कशी चुकले ते नीट लिहिते. आमच्या सासरी चार भावांची एक वाडी आणि एक विहीर. पाण्याची पाळी, नारळ, केळीचं लोंगर, सगळं सारखं वाटायचं. शेवटची फणी उरली तर तीही मोडून वाटायची. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही, म्हणून आमच्याकडे भांडणं नाहीत. मीही तसंच केलं. अठ्ठाविसावरून सव्विसावर यायचं तर पाठीचे सात टाके कमी करायचे. दोन एका खांद्याचे, दोन दुसऱ्या खांद्याचे, तीन गळ्याचे. पुढच्या मापाला पुन्हा तेच. गळ्याची खोलीही दर मापाला चार ओळींनी कमी. अठ्ठाविसाला गळा अडतीस टाके, बाविसाला एकोणतीस. सगळ्यांना सारखा वाटा. रकाने वरून खाली इतके सरळ उतरले होते की मी कागद भिंतीला लावून लांबून बघितला.

पण गळ्याच्या रकान्याकडे बघितलं की काहीतरी टोचायचं. काय ते कळत नव्हतं. म्हणून बाईंकडे निघाले. पहिल्या दिवशी त्यांच्या ओट्यावर पाहुणे होते, फाटकातूनच परत आले. दुसऱ्या दिवशी रोजरीची प्रार्थना चालू होती, मी कुंपणापाशी थोडी थांबले आणि परत फिरले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला बघितलं, डोळ्यांवर हात धरून विचारलं, "कोण? काय गं, काय झालं?"

मी म्हणाले, "काही नाही बाई. केळी हवी होती का, विचारायला आले."

"आण हो, अर्धा डझन."

मी घरी गेले, अर्धा डझन केळी आणली, त्यांच्या ओट्यावर ठेवली आणि आले. कागद पदराखाली घडी करून होता. तो काढला नाही. का काढला नाही, हे मला आजही सांगता येत नाही. चौथीत असताना हात वर करायची वेळ आली की मी पाटीवर काहीतरी पुसत बसायची, तसंच असावं.

अठ्ठाविसाचा पहिला स्वेटर झाला तो जावेच्या नऊ वर्षांच्या मुलीला घालून बघितला. छान बसला. मालकांनी बघितला, मान हलवली. नियम तोच होता, मधलं माप पास झालं की बाकीची विणायची. लहान मापांचे स्वेटर घालून बघायचं कोणाच्या मनातही आलं नाही. आमच्याकडे लहान मुलांना डोक्यातून काय घालतात? गंजीफ्रॉक, तो हवा तेवढा ताणतो. बाकी झबली, परकर-पोलकी, शर्ट, सगळ्यांना बंद नाहीतर बटणं.

जून उजाडायच्या आधी माल गेला. पंधरा दिवसांनी मालक टांग्यातून उतरले, दोन गठ्ठे घेऊन. गठ्ठा मशीनवर आपटला, एक बाविसाचा स्वेटर काढला आणि दोन्ही हातांनी गळा ताणून धरला.

"ह्याच्यात पोरगं कुठून घालायचं? वरून का खालून?"

जावेचा धाकटा चार वर्षांचा होता, तो खोलीतच खेळत होता. तिने त्याला धरला आणि स्वेटर त्याच्या डोक्यावर ओढला. तो कपाळावर अडकला. अजून ओढला तर कान दुमडले आणि पोर आतून ओरडायला लागलं. काढताना नाक घासलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचे केस उभे राहिले होते. एरवी कोणी हसलं असतं.

"चौसष्ट नग," मालक म्हणाले. "बावीस आणि चोवीस. मोठ्यांचे गळे ढगळ आहेत, ते चालवून घेतले शाळेने. हे नाही. त्यांनी दुसरीकडून घेतले पण. आता माझ्या लोकरीचं काय?"

जाऊ म्हणाली, "शेठ, मशीनचं काहीतरी झालं असेल."

मशीनचं काही झालेलं नव्हतं. मला ते सांगायचं होतं. बाविसाचा तो स्वेटर हातात घेतला, गळ्यात चार बोटं घातली. मुलाच्या डोक्याकडे बघितलं. तेव्हा कळलं काय टोचत होतं ते. छाती लहान असली तरी डोकं तेवढं लहान नसतं. चार वर्षांच्या मुलाचं डोकं जवळजवळ मोठ्या माणसाएवढं. घरात इतकी पोरं न्हाऊ घातली मी, ह्या हातांनी डोकी पुसली, आणि कागदावर डोक्याला वाटेकऱ्यासारखा कमी हिस्सा दिला.

मालकांनी लोकरीचे आठशे शहाण्णव रुपये आमच्या मजुरीतून कापले. मजुरी तर बायकांना द्यायलाच हवी होती, ती पेटीतून दिली. पेटी तळाला गेली. बाईंनी एक तोड सांगितली. डाव्या खांद्याची शिवण उसवायची, तिथे पट्टी लावून तीन बटणं घालायची. तसं केलं. बटणांचे पैसे मी माझ्याजवळचे घातले. तीस स्वेटर गावात नि आसपास सात-सात रुपयांना गेले, दोनशे दहा आले. बाकीचे कोणी घेईना. उरले सहाशे शहाऐंशी.

त्या सोमवारी बैठक होती. जाऊ वही उघडून म्हणाली, "नऊ जणी आहोत. वाटून घेऊ. एकेकीला शहात्तर रुपये आणि काही पैसे येतात. दर महिन्याला थोडे थोडे."

कोणी हरकत घेतली नाही. आमच्याकडे घेतच नाहीत. राजोडीची बाई कोपऱ्यात शिवत होती. तिने विचारलं नाही पेटी भरली का म्हणून. सुईत दोरा घालत होती, तो जाईना, पुन्हा घालत होती.

मी म्हणाले, "वाटायचे नाहीत."

आवाज इतका बारीक आला की जाऊ म्हणाली, "काय?"

"वाटायचे नाहीत वहिनी. तक्ता माझा होता. मी बाईंना विचारायला गेले होते नि न विचारता आले."

"येडी का काय तू? सहाशे शहाऐंशी. कुठून आणशील?"

"दर महिन्याला दहा."

"म्हणजे साडेपाच वर्षं. त्यापेक्षा जास्तच." जावेचं तोंडी गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं. "तोवर माझ्या पोराचं डोकं खरंच मोठं होईल."

ह्यावर सगळ्या हसल्या, राजोडीची बाईही. मी मात्र उठून बाहेर आले, कारण बसवेना.

त्याच संध्याकाळी मी बाईंकडे गेले. ओट्यावर कोण आहे ते बघितलं नाही. कागद पसरला आणि सगळं सांगितलं, केळ्यांचंही. बाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाल्या, "तरीच. मी म्हणत होते, ही मे महिन्यात कच्ची केळी का आणून देते." आणि पुढे म्हणाल्या, "आकडे कागदावरून काढलेस. अंगावरून काढ."

त्यांनी शाळेत हेडमास्तरांना सांगितलं. शाळा उघडल्यावर मी टेप घेऊन गेले. पहिली ते सातवी. छाती, डोकं, हाताची लांबी, खांद्याची रुंदी. मला माणसांशी बोलायचं म्हटलं तर घाम फुटतो, आणि इथे चाळीस मुलांची रांग.

"मामी, टोपी देणार काय?"

"मामी, ह्याचं डोकं मोजू नका, आत काही नाय."

"माझं आणि बाळ्याचं कोणाचं मोठं?"

मी मान खाली घालून मोजत होते. तिसरी-चौथीपर्यंत आल्यावर मान वर झाली, कारण कपाळावरून टेप फिरवताना वर बघावंच लागतं.

घरी येऊन नवा कागद घेतला. आधी फक्त इंचांचा तक्ता केला. मग दोन मापांतला फरक दोन ओळींच्या मध्ये लाल पेन्सिलने लिहिला. तेव्हा दिसलं की प्रत्येक रकान्याची चाल वेगळी आहे. छाती ठरल्यासारखी चढते. बाही तिच्यापेक्षा भराभर चढते. मुंढा हळू. आणि डोकं पहिलीपासून सातवीपर्यंत जेमतेम दीड इंच. माझ्या जुन्या तक्त्यात सगळे रकाने हातात हात घालून उतरले होते. मला तो इतका देखणा वाटला होता, ह्याचीच लाज वाटली.

इंचांचा तक्ता वेगळा आणि टाक्यांचा वेगळा, ही युक्ती माझी. लोकर बदलली, टाके बदलले, तरी पोरांची अंगं बदलत नाहीत. मग टाक्यांचा कागद तेवढा पुन्हा करायचा. शेवटी एक रकाना ताळ्याचा ठेवला. दोन खांदे आणि गळा मिळून मुंढ्यानंतर उरलेले टाके बरोबर यायला हवेत. नाही आले तर पुढे जायचं नाही. तो रकाना आला तेव्हापासून मी तक्ता हातावेगळा करायला लागले, नाहीतर एकाच ओळीवर चार-चार वेळा मागे येत होते. आता पुतणी कंप्युटरच्या क्लासला जाते. ती म्हणते काचेवर असेच रकाने दिसतात, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतात. मला ऐकून बरं वाटलं नाही. का, ते माहीत नाही.

मालक परत ऑर्डर देतील असं वाटलं नव्हतं. दिली, पण अट घातली की सातही मापांचे नमुने आधी दाखवायचे. मी बावीसपासून चौतीसपर्यंत सात स्वेटर विणले आणि सात मुलांना घालून त्यांच्यासमोर उभं केलं. पावसाळा, दमट हवा, मुलं वैतागलेली, एक रडत होता. मालक प्रत्येकाचा स्वेटर स्वतः काढून परत घालून बघत होते. मी खिडकीपाशी उभी राहून पदराचं टोक पिळत होते. शेवटी म्हणाले, "ठीक आहे," आणि घाम पुसला.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी दहा रुपये जावेसमोर ठेवायची. ती वहीत लिहायची आणि उरलेला आकडा मुद्दाम मोठ्याने वाचायची. सहाशे शहात्तर. सहाशे सहासष्ट. मला तो छळ वाटायचा. आपण एकाच घरात राहतो, एका चुलीवर जेवतो, तिथेच घे की. पण ती म्हणायची, "मंडळाचे पैसे मंडळात." राजोडीची बाई आकडा ऐकून मान हलवायची. एकदा निघताना मला म्हणाली, "तू आपली गुपचूप देतंस, मला कोन विचारतो?" तिला मशीन माझ्यामुळे मिळत नव्हतं, आणि मी दहा रुपये देऊन मोकळी होत होते असं तिला वाटत असेल तर ते खोटं नव्हतं.

त्या वाक्यानंतर माझ्या पायांना विसावा राहिला नाही. दहा पुरेनात. बाईंनी आचोळ्याच्या एका विणकाम केंद्राला चिठ्ठी लिहून दिली. तिथल्या मशीनवाल्यांना तक्ते हवे होते आणि करणारं कोणी नव्हतं. चिठ्ठी घेऊन मी एकटी गेले, दोनदा रस्ता चुकले, विचारायचा धीर होईना. पण विचारलं. एका तक्त्याचे पंधरा रुपये ठरले. पंधरा रुपये मी स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि सांगून झाल्यावर केंद्रातल्या बाईचं उत्तर ऐकायच्या आधीच "बारा पण चालतील" म्हणाले. तिने पंधराच दिले. पुढे विरारहूनही एक-दोन कामं आली. कधी महिन्याला वीस, कधी पस्तीस भरायला लागले. एका दिवाळीत नवऱ्याने साडीला पैसे दिले, तेही पेटीत टाकले. त्याला कळलं तेव्हा दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "किती राहिले?"

"एकशे एक्केचाळीस."

"बरं," म्हणाला आणि पाण्याच्या पाळीला गेला.

तिसऱ्या वर्षीच्या चैत्रात एकवीस रुपये उरले होते. शनिवारी आचोळ्याहून दोन तक्त्यांचे तीस मिळाले. सोमवार यायला दोन दिवस होते, ते कसे गेले ते मलाच माहीत. एकदा झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. नोटा डब्यातून काढून पाहिल्या, ठेवल्या, परत काढल्या.

सोमवारी खोलीत सगळ्या होत्या. मी दहाच्या दोन नोटा आणि एक रुपया वहीवर ठेवला. जावेने मोजले, एवढेसे पैसे, तरी दोनदा मोजले. मग लिहिलं. ह्या वेळी आकडा मोठ्याने वाचला नाही, वही फिरवून माझ्यासमोर धरली. उरलेल्या रकमेच्या जागी तिने आडवी रेघ मारली होती. मी ती बघितली, मग वरचे सगळे आकडे वरून खाली पुन्हा बेरीज करून बघितले. सहाशे शहाऐंशी भरले. राजोडीची बाई कोपऱ्यातून उठून आली, तिला वाचता येत नव्हतं, तिने जावेला विचारलं, "सगले?"

"सगळे," जाऊ म्हणाली आणि पैसे पेटीत टाकले.